नंदिनीच्या खोल्या

राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत सोमाजी निमगडेंनी उभी हयात डंपर चालवला. रिटायर झाले त्या दिवशी साहेबांनी गळ्यात हार घातला, सोबत्यांनी पाठीवर थापा मारल्या, समोसे-जिलेबी झाली. पण हार हातात धरून घराकडं परत येताना सोमाजींच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. आता कंपनीचं क्वार्टर सोडावं लागणार. मग नंदिनीचं कसं?

नंदिनी त्यांची थोरली. वय पंचविशीच्या पुढं, पण समज लहान लेकराएवढी. अगदी तान्ही असताना तापात फीट आली, ती कायमची सोबतीण होऊन बसली. गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू, तरी अधूनमधून झटका यायचाच. बोलणं बोबडं, चालणं जरा वाकडं. पण माणसांची हौस अशी की दारावरून जाणाऱ्या भाजीवाल्यालाही ती नावानं हाक मारायची. क्वार्टरच्या ओळीत सगळ्यांना तिची सवय होती. ती अंगणात पडली की हातातलं काम टाकून कोणीतरी धावायचं, तिला कुशीवर करायचं, तोंड पुसायचं, मग सत्यशीलाबाईंना हाक मारायचं. सत्यशीलाबाई म्हणजे तिची आई. त्या येईपर्यंत अर्धं संकट टळलेलं असायचं.

धाकटा मिथुन पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. वडिलांच्या हाती फंडाची रक्कम आली तेव्हा तो मुद्दाम सुट्टी काढून आला.

"बाबा, बँकेत ठेवा, नाहीतर नागपूरला फ्लॅट घेऊ," तो म्हणाला. "एक भाडेकरू ठेवायचा, भाडं खात्यात जमा होत राहील. डोक्याला ताप नाही."

"नागपूरचा फ्लॅट इले पानी पाजनार हाय का?" सोमाजींनी नंदिनीकडं बोट केलं. ती मिथुनच्या बॅगेतून त्याचे मोजे-बनियन काढून घड्या घालत बसली होती. "मी आनं तुही माय काई जलमभर पुरनार नाई. तू इले पाहशील, मी नाई म्हनत नाई. पन तुही नोकरी आज इथी, उद्या कुठी? मले इच्या आजूबाजूले मानसं पायजेत."

"म्हणजे?"

"गडचांदूरले प्लॉट घेतो. सिमेंटचं गाव हाय, खोली रिकामी राहत नाई. समोर आपलं घर, मागं भाड्याच्या खोल्या. पोट भरन आनं दारात राबता राहीन. पोरगी पडली तं उचलाले कोनी तरी असन."

सत्यशीलाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी कप ठेवता ठेवता एवढंच म्हटलं, "तुयं आयकून पाहाले पायजे, पन तुह्या बाबाचं मले पटते."

असं ते ठरलं. आणि खरं सांगायचं तर सोमाजींचा हिशेब चुकला नव्हता. गडचांदुरात तेव्हा फॅक्टरीच्या धुरांड्यांसारखीच घरभाड्याचीही भट्टी पेटलेली होती. घराचा स्लॅब पडायच्या आधीच लोक विचारायला येऊ लागले. सोमाजींनी मागच्या बाजूला एका ओळीत खोल्या बांधल्या, प्रत्येकीपुढं ओटा, मधोमध मोठं अंगण, आणि अंगणात बोअरचा नळ. घराचं मागचं दार त्या अंगणातच उघडायचं. गवंड्याने विचारलं होतं, मधे भिंत नको का? सोमाजी म्हणाले, "भिंत कायले? त्याच्यासाठीच तं बांधून राह्यलो."

खोली दाखवायची वेळ आली की सोमाजी भाडं नंतर सांगत. आधी नंदिनीला बोलावत. "हे माही पोरगी. इले फीट येते. आली तं घाबराचं नाई. कुशीवर कराचं, डोक्याखाली काई तरी मऊ द्याचं, तोंडात काई घालाचं नाई, आनं आमाले आवाज द्याचा. जमन का?" ज्याच्या कपाळाला आठी पडली त्याला खोली मिळत नसे. शेजारपाजारचे हसायचे. भाडेकरू पाहून राह्यला की सोयरीक, म्हणायचे.

ती वर्षं नंदिनीच्या आयुष्यातली सोन्याची होती. सकाळी फॅक्टरीतल्या पॅकिंगवाल्यांचे डबे भरले जात तेव्हा ती या ओट्यावरून त्या ओट्यावर फिरायची. कोणी तिच्या हातावर पोळीचा तुकडा ठेवायचं, कोणी वेणी घालून द्यायचं. महिन्याच्या सुरुवातीला भाडं गोळा करायला तीच जायची. तिला नोटा कळत नसत. पण प्रत्येक दारात "भाडं द्या जी" म्हणायचं आणि मिळालेलं बाबांच्या हातात आणून ठेवायचं, यात तिला एवढा मान वाटायचा की त्या दिवशी ती नवा ड्रेस घातल्याशिवाय बाहेर पडत नसे.

सगळ्यांत जास्त ती रमली ती कोपऱ्यातल्या खोलीत. तिथं प्रफुल्ल आणि दीपिका राहायचे, नुकतं लग्न झालेलं जोडपं, गडचिरोलीकडचं, आरमोरीजवळच्या एका खेड्यातलं. प्रफुल्ल फॅक्टरीत ठेकेदाराकडं कामाला. दीपिका दिवसभर एकटी, नवं गाव, ओळख ना पाळख. नंदिनीनं तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "तू माही का?" दीपिका हसून म्हणाली, "हो ताई, तुमचीच." झालं. त्या दिवसापासून नंदिनीचं अंथरूण तेवढं आईजवळ, बाकी ती दीपिकाची. तिच्या हातून जेवायची, तिच्या हातून गोळ्या घ्यायची. सत्यशीलाबाईंनी जवळजवळ तीस वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोप घेतली ती त्या काळात.

मग दिवस फिरले.

फॅक्टरी विकली जाणार अशी कुणकुण आधी पानठेल्यावर आली. मग खरंच मालक बदलले. नव्या मालकांनी एक भट्टी दुरुस्तीच्या नावाखाली बंद केली ती सुरूच केली नाही. ठेकेदारांची माणसं कमी होऊ लागली. आज याचा गेट पास बंद, उद्या त्याचा. बिहार-छत्तीसगडचे लोक आधी निघाले. त्यांच्या गाद्या, सायकली, पंखे टेम्पोत चढताना नंदिनी फाटकाशी उभी राहून प्रत्येकाला "कधी येशीन?" विचारायची. लवकरच, म्हणायचे सगळे. गावभर "खोली भाड्याने देणे आहे" अशा पाट्या लागल्या. ज्यांनी कर्ज काढून दोन-दोन मजले चढवले होते ते निम्म्या भाड्यात खोल्या देऊ लागले, तरी घेणारे नव्हते.

सोमाजींच्या खोल्यांना एकेक करून कुलपं लागली. पेन्शन अशी मोठी नव्हतीच, खाणवाल्यांची पेन्शन म्हणजे चहापाण्याचा खर्च. त्यात नंदिनीच्या गोळ्या महागल्या, नागपूरच्या डॉक्टरांनी बदलून दिलेल्या. नंदिनी मात्र महिना लागला की नवा ड्रेस घालून निघायची आणि कुलूप लावलेल्या दारांपुढंही उभी राहून म्हणायची, "भाडं द्या जी." सोमाजी ओट्यावरून पाहायचे आणि आत निघून जायचे.

शेवटी एकच खोली भरलेली राहिली, कोपऱ्यातली. आणि तिचंही भाडं थांबलं. प्रफुल्लचं काम सुटलं होतं. तो रोज सकाळी गाडी घेऊन गेटवर जायचा आणि दुपारी परत यायचा. दीपिकाला दिवस गेले होते.

"राहू द्या," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पोटुशी पोरगी हाय. देतीन जवा हाती येईन तवा."

सोमाजींनी राहू दिलं. एक महिना, दोन महिने, मग आणखी. तेवढ्यात मिथुनचा फोन आला. त्याच्या कंपनीतही माणसं कमी करणं सुरू होतं. त्याचं नाव अजून यादीत नव्हतं, पण आवाज असा खोल गेला होता की सोमाजींना ओळखू येईना.

"बाबा, मी काही महिने पैसे पाठवू शकणार नाही. आणि वाईट मानू नका, पण फुकट माणसं ठेवायची ही वेळ नाही. तुम्ही गुंतवणूक केली आहे, धर्मशाळा नाही बांधली."

त्या रात्रीनंतर सोमाजींचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. उद्या मिथुन घरी बसला तर? आपण आजारी पडलो तर? ज्या खोल्या पोरीला जन्मभर पोसणार होत्या त्याच आज ओस पडल्या होत्या. माणूस घाबरला की त्याला दूरचं दिसतं आणि जवळचं दिसत नाही.

अशात कोळसा वाहतुकीचा एक ठेकेदार दारात आला. खाणीकडून सिमेंटच्या फॅक्टऱ्यांकडं त्याचे ट्रक चालायचे आणि त्याला ड्रायव्हर-क्लीनर ठेवायला जागा हवी होती. "सगळ्या खोल्या द्या," तो म्हणाला. "वर्षाचा करार करू, भाडं थेट खात्यात. पोरं पाळीपाळीनं झोपायला येतील, तुमाले तरास नाई. पन सगळ्याच पायजे. एक फॅमिली मधात ठेवली तं रोजची किटकिट."

सोमाजींनी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत ते जेवले की नाही कोणाला आठवत नाही. सत्यशीलाबाई त्यांना एकदाच म्हणाल्या, "तुमी म्हनले होते मानसं पायजेत." सोमाजी म्हणाले, "मानसं भाकर मांगतेत ना. मी तिच्यासाठीच करून राह्यलो." सत्यशीलाबाईंकडंही दुसरी वाट नव्हती.

प्रफुल्लला सांगायला गेले तेव्हा सोमाजींना वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मान खाली घातली. "तुमी लई दिवस ठेवलं काकाजी. आमचंच चुकून राह्यलं. मी हैदराबादकडं साइटवर जातो, इले माहेरी सोडतो." दीपिका भिंतीला टेकून उभी होती. तिनं विचारलं ते एवढंच, "ताईच्या गोळ्या आता कोन देईन?"

निघायच्या दिवशी तिनं नंदिनीला आंघोळ घातली, वेणी घातली. नंदिनी तिचा पदर सोडेना. दीपिकानं तिचा हात आपल्या पोटावर ठेवला. "ताई, हे बाळ आनाले चालली मी. बाळ झालं का तुमाले दाखवाले घेऊन येतो. तवर रडाचं नाई." नंदिनीनं लगेच डोळे पुसले. ऑटो वळणाआड गेल्यावरही ती हात हलवत होती.

ड्रायव्हर आले. रात्रंदिवस ट्रक चालवून थकलेली, काळवंडलेली माणसं. कोणी छत्तीसगडचा, कोणी वणीचा, दोघं-तिघं सिरोंच्याकडचे, तेलुगू बोलणारे. वाईट कोणीच नव्हतं, हे सोमाजींना पुढं कळलं. पण तेव्हा त्यांनी पाहिलं ते एवढंच की अंगणात उघड्या अंगानं आंघोळ करणारे परके पुरुष आहेत, कोणी दारू पितं, आणि आपली पोरगी कोणाच्याही पुढ्यात जाऊन "तू माहा का?" विचारणार. सोमाजींनी अंगणात टिनाचे पत्रे उभे करून घेतले. घराचं मागचं दार खिळे ठोकून बंद केलं. ड्रायव्हरांना मागच्या गल्लीतून वेगळी वाट करून दिली आणि ठेकेदाराकडून बजावून सांगितलं की समोरच्या बाजूला कोणी पाय ठेवायचा नाही, काही झालं तरी नाही.

आणि नंदिनीला फीट येते ही गोष्ट, जी ते आजवर प्रत्येक भाडेकरूला पहिल्या भेटीत सांगत, ती त्यांनी या माणसांना सांगितली नाही. घरात अशी पोरगी आहे हेच त्यांना कळू नये असं सोमाजींना वाटत होतं.

नंदिनीचं फिरणं बंद झालं. आधी ती पत्र्यावर हातानं वाजवायची, पलीकडून आवाज आला की हसायची. सोमाजी रागावल्यावर ते थांबलं. मग ती पुढच्या खिडकीत बसू लागली. रस्त्यावर ऑटोचा आवाज आला की उठायची. "दीपी आली?" सत्यशीलाबाई म्हणायच्या, "येईन बाई." जेवण कमी झालं. गोळी तोंडात धरून ठेवायची आणि पाठ फिरली की थुंकून टाकायची. दीपिकाच्या हातानं ती निमूट घ्यायची, हे दोघांनाही आठवायचं, पण बोलून दाखवायचं धाडस दोघांचंही व्हायचं नाही. झटके वाढले. नागपूरला नेलं, डॉक्टरांनी डोस वाढवला. "हिला एकटं ठेवू नका," ते म्हणाले. "माणसांत राहू द्या."

भाडं मात्र दर महिन्याला बिनचूक जमा होत होतं.

उन्हाळा सरत आला होता. सत्यशीलाबाईंच्या बहिणीच्या घरी, राजुऱ्याला, माणूस गेलं. दोघांनाही जाणं भाग होतं. शेजारची बाई नंदिनीजवळ बसणार होती, पण ऐनवेळी तिच्या घरी पाहुणे आले. नंदिनीला मयतीत न्यावं तर तिथं ती घाबरते, मागच्या वेळी अशाच मयतीत झटका आला होता. सोमाजी म्हणाले, "दोन तासाची गोठ हाय. गोळी दिली, जेवली. झोपन." पंखा लावला, उशाशी पाणी ठेवलं. आणि कोणी आत येऊ नये, तीही बाहेर पडू नये म्हणून पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं.

परत आले तेव्हा फाटकाशी गर्दी होती. दार चौकटीसकट उखडलेलं. घरात सिरोंच्याचा ड्रायव्हर समय्या जमिनीवर बसला होता. दांडगा, पिकल्या मिशांचा माणूस, अंगात नुसती बनियन. नंदिनीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि तो आपल्या दुपट्ट्यानं तिला वारा घालत होता. वारा घालायची गरज उरलेली नव्हती. सत्यशीलाबाई उंबऱ्यातच बसल्या.

तरी नेलंच दवाखान्यात. समय्यानंच ट्रक काढला. नंदिनीला पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. झटका आला असेल, पालथी पडली असेल, श्वास कोंडला असेल. "लवकर कोणी कुशीवर केलं असतं तर वाचली असती का?" सोमाजींनी विचारलं. डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, "सांगता येत नाही, काका. कधी कधी जवळ असूनही जातात." ते खरं असेल किंवा दया असेल. सोमाजींना ते आजवर ठरवता आलेलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात समय्या त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला. मराठी, हिंदी, तेलुगू सगळं मिसळून तो बोलत होता. "काका, माफ करा. धप आवाज आला. मग भिंतीवर पाय आपटल्यासारखा, धाड धाड. मी पत्र्याजवळ येऊन आवाज दिला. जवाब नाही. पोट्टे बोले, उधर जाना मना है, बुढ्ढा चिल्लाएगा. मी थांबलो. बीडी पेटवली. मग आवाज बंद झाला तो मेरा दिल नहीं माना. समोर आलो तं ताला. तोडू की नको, तोडू की नको, असं करत उभा राहिलो थोडा वेळ. काका, मेरेको मालूमच नहीं था अंदर लडकी है. सांगितलं असतं तं मी दिवाल तोडून आलो असतो. माझी पण लडकी आहे गावाला."

सोमाजींनी त्याचे जोडलेले हात धरले. त्यांना म्हणायचं होतं, तुझी चूक नाही. पण त्यांनी त्याला फक्त धरून बाकावर बसवलं.

तिरडी उचलायला मिथुन वेळेवर पोचला. एका बाजूला तो, एका बाजूला सोमाजी. मागं खांदा द्यायला ड्रायव्हर उभे होते, आंघोळ करून, पांढरे सदरे घालून. कुठून आणले होते कोण जाणे. सोमाजींनी ज्यांच्यापासून पोरीला झाकून ठेवलं ती माणसं तिला आळीपाळीनं खांद्यावर घेत नदीपर्यंत चालली. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं. समय्याला शब्द येत नव्हते, तो नुसते हात जोडून, डोळे मिटून उभा होता. त्या दिवशी त्यांच्यातल्या एकानंही गाडी काढली नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मिथुन जायला निघाला. त्याची नोकरी टिकली होती. जाताना तो म्हणाला, "बाबा, विकून टाका हे सगळं. चला माझ्याकडं." मग तो रडू लागला. "धर्मशाळा म्हणालो होतो मी. मी तसं म्हणायला नको होतं."

"तुह्या म्हनन्यानं काई झालं नाई," सोमाजी म्हणाले. "कुलूप माह्या हातानं लागलं."

सत्यशीलाबाई आत भांडी घासत होत्या. नंदिनी गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. स्वयंपाक करायच्या, वाढायच्या, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायच्या. सोमाजींवर त्यांनी बोट ठेवलं नाही, आणि तेच सोमाजींना सहन होत नव्हतं. एकदा ते म्हणाले, "शिव्या तरी दे मले." त्या म्हणाल्या, "कोन्या तोंडानं देऊ? मी बी तं संगं होती." पुन्हा भांड्यांचा आवाज.

दीपिकाला कोणी कळवलं नव्हतं. तिचा फोन लागत नव्हता, प्रफुल्लचा नंबर बदलला होता. पावसाळा गेला, धानं पिवळी पडायला लागली, तेव्हा एके दिवशी सत्यशीलाबाई आपण होऊन बोलल्या. "त्या पोरीले सांगाले पायजे. ते बाळ घेऊन इथी आली तं दारात मी काय सांगू तिले?"

सोमाजी पहाटेच्या गाडीनं निघाले. राजुरा, चंद्रपूर, मूल, सावली, गडचिरोली, गाड्या बदलत बदलत. दोन्हीकडं जंगल, मधेच धानाची बांधी, कापणीला वाकलेली माणसं. वाटेत ते मनाशी शब्द जुळवत होते. त्यांनी आणखी एक गोष्ट ठरवली होती. कोपऱ्यातली खोली दीपिकाला द्यायची, भाडं घ्यायचं नाही, करार संपला की बाकीच्यांतही घरदारवाली माणसं ठेवायची. एवढं केलं तर निदान घर बांधताना नंदिनीसाठी मनाशी ठरवलेलं पाळल्यासारखं होईल.

आरमोरीच्या अलीकडं फाट्यावर उतरून ते गावात गेले. दीपिका बापाच्या अंगणात धान वाळत घालत होती. त्यांना पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की सोमाजींचे पाय जागीच थांबले.

"काकाजी! एकलेच आले? ताईले आनाचं नाई का जी? मी म्हनून राह्यली होती, दिवाळीले येतोच. हे म्हनते, तान्हं लेकरू घेऊन एवढ्या दूर कायले. कशी हाय ताई? गोळ्या घेते का बरोबर?"

सोमाजींनी जुळवलेले सगळे शब्द गेले. ते अंगणातल्या बाजेवर बसले. "बाई," ते म्हणाले, "नंदिनी नाई राह्यली."

दीपिकाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. घरातून तिची आई बाहेर आली, काय झालं विचारू लागली. सोमाजींनी सगळं सांगितलं. पत्रे, खिळे ठोकलेलं दार, कुलूप, काही लपवलं नाही. सांगताना त्यांनी मान वर केली नाही. शेवटी म्हणाले, "ते खिडकीत बसून तुह्यी वाट पाहे. आटो आला का उठे."

दीपिकानं सूप खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मीच तं सांगतलं होतं तिले, येतो म्हनून. एक फोन बी करता आला नाई मले. यायनं हैदराबादले जाताना फोन नेला, मी म्हनलं आता बाळ घेऊनच जाऊ." आणि ती ओंजळीत तोंड लपवून रडली, सख्खी बहीण गेल्यासारखी.

ती शांत झाल्यावर सोमाजींनी खोलीचं काढलं. "तुमी परत या. भाडं नाई द्याचं. जलमभर राहा. प्रफुल्लले मी कुठी तरी चिकटवतो."

दीपिकानं डोळे पुसले. तिच्या आवाजात राग नव्हता. "नाई काकाजी. तुमी काढलं म्हनून नाई म्हनत मी. तुमच्यावर बी वेळ आली होती, मले समजते. पन त्या अंगनात ताई नाई, आनं मी चूल पेटवू? मले नाई होनार." सूप पुन्हा उचलत ती म्हणाली, "जेवून जा. काकूले म्हना, मी येईन एक दिवस. आत्ता नाई."

तिच्या आईनं नव्या तांदळाचा भात वाढला. सोमाजींनी घास गिळले. निघताना दीपिका पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात त्यांना उचलवेना.

गडचांदूरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मागच्या खोल्यांतून ड्रायव्हरांच्या स्टोव्हचा आवाज येत होता. फाटकाशी कोणी एक जोडपं उभं होतं, कडेवर पोर. बंद भट्टी पुन्हा चालू होतेय, असं पोस्टाजवळ ऐकल्याचं त्यांनी सांगितलं. खोली मिळेल का? सोमाजी म्हणाले, करार संपल्यावर पाहू, आणि घरात गेले.

सत्यशीलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "भेटली?"

"भेटली."

"काय म्हने?"

"रडली. येत नाई म्हने इथी राहाले."

"बराबर हाय तिचं." त्या समोर बसल्या. खूप दिवसांनी त्यांनी सोमाजींच्या डोळ्यांत पाहिलं. "आनं काय झालं तिले? पोरगी का पोरगा?"

सोमाजी पाण्याचा घोट घेता घेता थांबले. ओसरीत झोळी टांगलेली होती, एवढं त्यांना आठवत होतं. कोणीतरी मधे उठून तिला झोका दिला होता. आत लेकरू असेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी आपलंच सांगितलं, जेवले, आणि निघून आले.

"मी पायलंच नाई," ते म्हणाले. "इचारलंच नाई मी."

सत्यशीलाबाई त्यांच्याकडं पाहत राहिल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू वाकडा झाला, आणि इतक्या महिन्यांचं दाबून ठेवलेलं रडणं एकदम बाहेर आलं. सोमाजी उठून त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. मागच्या खोल्यांतले आवाज थांबले. कोणीतरी स्टोव्ह बंद केला. दोघं म्हातारी तिथंच बसून रडत राहिली, दिवा लावायचंही कोणाला सुचलं नाही.